पाण्याचा हिशेब

केक आणि कुकींवर नक्षी काढायच्या रॉयल आयसिंगचं साहित्य एका ओळीत संपतं : अंड्याचं पांढरं, आयसिंग शुगर आणि लिंबाच्या रसाचे चार थेंब. लोणी नाही, दूध नाही, गॅससुद्धा पेटवायचा नाही. कृती वाचणाऱ्याला वाटतं, हात्तिच्या, एवढंच? नवखी मंडळी फसतात ती इथेच. साहित्याच्या यादीत ज्याचं नावही नसतं, ते पाणीच या पदार्थाचं बरंवाईट ठरवतं. एका अंड्याचं पांढरं साधारण 30 ग्रॅम भरतं आणि त्यातलं नव्वद टक्के निव्वळ पाणी. त्यात 150 ग्रॅम साखर घातली, तरी पाणी विरघळवून विरघळवून किती विरघळवणार? आपल्या वजनाच्या दुप्पट, म्हणजे 54-55 ग्रॅम. बाकीची साखर न विरघळता सूक्ष्म कणांच्या रूपात तशीच राहते. त्या कणांवर आणि फेटताना अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवर उजेड पडतो, विखुरतो, आणि आयसिंग पांढरंशुभ्र दिसतं.

हे गणित माहीत नसतानाही हाताला ते कळलं होतं. मँचेस्टरच्या एलिझाबेथ रॅफल्ड यांचं पाककृतींचं पुस्तक 1769 मध्ये आलं. त्यात लग्नाच्या केकवर आधी बदामाचा आणि त्यावर साखरेचा थर द्यायला सांगितलं आहे. साखरेच्या थराला दोन पौंड शुद्ध साखर आणि पाच अंड्यांचं पांढरं. ते पांढरं प्यूटरच्या ताटलीत सुरीने फेटायचं, आणि तेही अर्धा तास! आज तेच काम मिक्सर काही मिनिटांत करतो. साखर मात्र जाळीदार कापडाच्या बारीक चाळणीतून चाळा, ही बाईंची सूचना अजून जुनी झालेली नाही. नक्षी काढायच्या पिशवीला लावलेल्या एक नंबरच्या नोझलचं भोक जेमतेम मिलिमीटरभर. साखर घरी दळलेली असेल तर ती वस्त्रगाळच हवी, नाहीतर एखादा चुकार कण नेमका वेलबुट्टीच्या वळणावर येऊन अडतो. जोर लावून पिशवी दाबली की तो कण सुटतो खरा, पण मागोमाग आयसिंगचा गोळाही बदकन कुकीवर पडतो.

10 फेब्रुवारी 1840 ला लंडनमध्ये राणी व्हिक्टोरिया आणि राजपुत्र आल्बर्ट यांचं लग्न झालं, तेव्हाच्या केकची वर्णनं वाचताना तो खाण्यासाठी होता की बघण्यासाठी, असा प्रश्न पडतो. वजन तीनशे पौंडांच्या घरात, घेर तीन यार्ड, जाडी 14 इंच. वर प्राचीन रोमन पोशाखातल्या वधूवरांना आशीर्वाद देणारी ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं मानवी रूप. वराच्या पायाशी निष्ठेची खूण म्हणून कुत्रा. केकवरचा आयसिंगचा पांढरा थर वाळला की त्याचं कवच होतं, आतला केक सुकू देत नाही. त्या केकचा एक तुकडा 2016 मध्ये लंडनमध्ये लिलावाला आला आणि 1500 पौंडांना गेला. खाण्याच्या लायकीचा तो अर्थातच नव्हता. एरवी केकवरच्या आयसिंगमध्ये थोडं ग्लिसरीन घालतात, म्हणजे सुरी चालते. कुकीला त्याची गरज नाही. तिथे पातळ थराचा कडकपणाच हवा असतो.

कुकीवरची नक्षी काही एकट्या इंग्लंडची नाही. उत्तर क्रोएशियात लाल रंगाची, हृदयाच्या आकाराची जिंजरब्रेड करतात. त्यांच्यावर नक्षी काढतात, छोटे आरसे आणि कवितेच्या ओळी लावतात. लग्नासाठी केलेली असतील तर वधूवरांची नावं आणि तारीखही. या कारागिरीला युनेस्कोने 2010 मध्ये सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

घरच्या ओट्यावर खरा खेळ सुरू होतो तो दाटपणाचा. फेटून झालेलं आयसिंग चमच्याने उचललं की त्याचा सुळका ताठ उभा राहतो. हे फुलांसाठी आणि पाकळ्यांसाठी ठीक. कुकीच्या कडेची रेघ काढायला ते किंचित सैल हवं, आणि आतला भाग भरायला आणखी सैल. सैल म्हणजे किती? हे काम करणाऱ्या बायका ते सेकंदांत मोजतात. भांड्यातल्या आयसिंगमध्ये सुरीने रेघ ओढायची आणि आकडे म्हणायचे. दहाच्या आसपास रेघ बुजली तर भरायला योग्य. विसाच्या पुढे गेली तर अजून घट्ट. पाचालाच नाहीशी झाली तर कडेवरून ओघळणार हे नक्की. पाणी चमच्याने घालण्याचा मोह इथे आवरावा. फवाऱ्याच्या बाटलीतून एकेक फवारा मारत गेलेलं बरं, कारण अर्धा चमचा पाण्याने वाटीभर आयसिंगचा स्वभाव बदलतो.

आता तीन इंचांची एक गोल कुकी घ्या. कडेची रेघ काढून झाली. मध्ये सैल आयसिंग सोडलं की ते आपणहून पसरत जातं, पण कडेपाशी येऊन थबकतं. तिथे त्याला सुईने हलकेच रेघेपर्यंत ओढून न्यावं लागतं. मग कुकी ताटलीसकट अलगद हलवायची. पोटातले बुडबुडे एकेक करून वर येतात, त्यांना सुईचं टोक लावायचं. पृष्ठभाग ओला आहे तोवर त्यावर लाल आयसिंगचे थेंब ठेवायचे आणि सुई त्यांच्या मधोमध एका दमात फिरवायची. प्रत्येक थेंबाचा बदाम होतो. मिनिटभर उशीर झाला तर वर साय धरलेली असते आणि सुईमागे सुरकुती उठते. भांड्यावरही म्हणूनच ओलं फडकं घालून ठेवतात.

बिघडण्याच्या तऱ्हाही पाण्याच्याच. छोट्या जागेत भरलेलं आयसिंग वाळताना मध्येच खचतं आणि खड्डा पडतो. त्यावर उपाय म्हणून आधी तळाशी घट्ट आयसिंगची नागमोडी रेघ देतात आणि कुकी लगेच पंख्याखाली ठेवतात. पंख्याचा दुसरा फायदा म्हणजे चकाकी. रेंगाळत वाळलेला थर निस्तेज दिसतो. काळा किंवा लाल रंग गडद व्हावा म्हणून रंगाचं जेल ओतत गेलं की तो शेजारच्या पांढऱ्यात उतरतो. रंग थोडा फिकाच ठेवून आयसिंग काही तास झाकून ठेवलं, तर तो आपसूक गडद होतो, पण एवढा धीर कुणाला असतो!

चवीचं काय? प्रामाणिकपणे सांगायचं तर रॉयल आयसिंगला गोडाखेरीज चव नाही. लिंबाच्या रसाचे थेंब थोडे वाढवावेत, आणि खालची कुकी कमी गोड, जास्त खमंग करावी.

आपल्याकडे हे आयसिंग बेकरीच्या आणि चर्चच्या वाटेने केव्हाच आलं आहे. गोव्यात आणि मुंबईत वांद्र्याला ईस्टरच्या सुमारास मार्झिपानची अंडी मिळतात. साच्यातून काढलेल्या दोन अर्ध्या वाट्या जोडल्या की सांधा झाकायला रॉयल आयसिंगची झालर आणि वर फुलं. मेंदीचा कोन वळता येणाऱ्या हाताला पायपिंगचा कोन नवा नाही. आपल्याकडच्या अनेक घरगुती बेकर प्लास्टिकचा तसाच कोन वळतात. अडचण येते ती अंड्याची. कच्च्या अंड्यात साल्मोनेला जंतूंचा धोका असतो, म्हणून मरँग पावडर वापरतात. पण तीही वाळवलेल्या अंड्याचीच, हे शाकाहारी घरात सांगावं लागतं. फ्रान्सच्या जोएल रोसेल यांनी 2014 मध्ये कडधान्याचं पाणी अंड्यासारखं फेसाळतं हे दाखवलं. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या गूज वोल्ट यांनी त्याला अ‍ॅक्वाफाबा हे नाव दिलं. मीठ-सोडा न घालता शिजवलेल्या काबुली चण्यांचं पाणी आटवून घेतलं की त्यापासून रॉयल आयसिंग होतं. कटाची आमटी करणाऱ्या घराला डाळीचं पाणी ओतून देऊ नका, हे शिकवायला नको. पुण्याच्या प्राची धबल देब तर इंग्लंडमध्ये आयसिंगचे जाणकार एडी स्पेन्स यांच्याकडे ही कला शिकल्या आणि अंड्याविना केलेल्या रॉयल आयसिंगमधून त्यांनी मिलानच्या कॅथेड्रलची 100 किलोंची प्रतिकृती उभी केली. लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्सने तिची नोंद घेतली.

पुण्याची डिसेंबरातली कोरडी हवा या कामाला धार्जिणी. मुंबई-कोकणात मात्र राखीच्या आणि गणपतीच्या कुकीज करायच्या त्या ऐन दमट दिवसांत, जेव्हा आयसिंगमधलं पाणी बाहेर पडायला तयारच नसतं. एका रात्रीत वाळणारा थर दोन दोन दिवस चिकट राहतो. अशा वेळी एसीचा ड्राय मोड आणि टेबलफॅन यांच्यावर भिस्त ठेवावी. घाईने कुकीज फ्रिजमध्ये मात्र सरकवू नयेत. बाहेर काढताच त्यांच्यावर दव धरतं, रंग एकमेकांत उतरतात आणि आदल्या दिवशीची सगळी रेघ परत काढावी लागते.