सवलतीचे गाव : बिस्टर

लंडनच्या मेरिलबोन स्थानकातून ऑक्सफर्डच्या दिशेने निघालेली गाडी पाऊण तासात बिस्टर व्हिलेज या स्थानकावर थांबते. या स्थानकाचे जुने नाव बिस्टर टाउन. २०१५ मध्ये नव्या रूपात ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा गावाचे नाव मागे पडले आणि शेजारच्या बाजाराचे नाव फलकावर आले. गाडीतील व स्थानकावरील सूचना इंग्रजीखेरीज चिनी आणि अरबी भाषांतही ऐकू येतात. बाजारासाठी स्थानकाचे नाव बदलावे, याचे इंग्रजांना त्या वेळी थोडे नवल वाटले. इतवारी नावाचे रेल्वे स्थानक पिढ्यानपिढ्या पाहिलेल्या नागपूरकराला त्यात नवल वाटण्याचे कारण नाही.

बिस्टर आणि नागपूरचे सदर यांच्यात आणखीही एक दूरचे नाते सांगता येईल. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपुरात ब्रिटिश रेसिडेंटचा अंमल बळकट झाला आणि रेसिडेन्सीच्या आश्रयाने सदर बाजार वाढला. रेसिडेन्सी रोड हे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. बिस्टर हे मुळात आठवडी बाजाराचे लहान गाव. दुसऱ्या महायुद्धात तेथे लष्कराचे विस्तीर्ण भांडार उभे राहिले आणि गावाचे नशीब पालटले. दोन्ही ठिकाणी आधी सरकारचा तळ पडला व मागाहून दुकानदार आला.

जून २०२४ मध्ये सदरमधील तयार कपड्यांचे एक व्यापारी आपल्या पत्नी व मुलासह लंडनजवळच्या हॅरो येथे लेकीकडे गेले होते. टॉवर ब्रिज झाला, राजवाडा झाला, पॉटर्स बारच्या ओसवाल सेंटरमधील देरासराचे दर्शन झाले. बिस्टरचा दिवस मात्र मुलाने आग्रहाने मागून घेतला होता, आणि त्यामागे केवळ खरेदीची हौस नव्हती.

दुकानाच्या माळ्यावर तीन मोसमांचा न विकलेला माल पडून होता. व्यापाऱ्याच्या घरात अशा मालाला आवाज नसतो, पण तो रोज व्याज खातो. बँकेच्या कॅश क्रेडिट खात्याला दरमहा जे स्टॉक स्टेटमेंट द्यावे लागते, त्यात जुना माल वेगळा दाखवावा लागतो. ठरावीक मुदतीपेक्षा जास्त काळ पडून राहिलेला माल बँक ड्रॉइंग पॉवर काढताना धरत नाही. म्हणजे त्या मालात पैसा अडकतो आणि त्याच्यावर पैसा मिळतही नाही. हिशेबशास्त्राचा नियमही तोच : शिल्लक माल खरेदीची किंमत किंवा प्रत्यक्ष वसूल होऊ शकणारी किंमत, यांपैकी जी कमी असेल तिनेच ताळेबंदात धरावा. मुलाचे म्हणणे होते की दुकानाबाहेर बारमाही 'पन्नास टक्के सूट' अशी पाटी लावावी. वडिलांचे म्हणणे होते की सदरचे गिऱ्हाईक एका भावाच्या विश्वासावर येते. एकदा पाटी लागली की नव्या मालाचीही घासाघीस सुरू होईल. हा वाद नागपुरात मिटला नव्हता. जगातील बडी घराणी आपल्या माळ्यावरच्या मालाचे काय करतात, हे पाहावे, असे ठरले.

आउटलेट ही कल्पना मुळात फार साधी आहे. कारखान्यात किंचित दोष राहिलेला वा मागणीपेक्षा जास्त झालेला माल दारातच कामगारांना स्वस्तात विकायचा, येथून तिचा आरंभ झाला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील रेडिंग या गावाने १९७० च्या दशकात अशा दुकानांवर मोठे नाव कमावले. इंग्लंडमध्ये १९९३ साली सॉमरसेट परगण्यातील स्ट्रीट या गावी, क्लार्क्स या जोडे बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या कारखान्याच्या जागेत असे केंद्र निघाले. आपल्याकडच्या कापडवाल्यांना ही विद्या काही परकी नाही. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये नागपुरात सुरू झाली. मिलच्या गावात वाढलेल्या माणसाला कटपीस आणि 'सेकंड'चा माल हे शब्द शिकवावे लागत नाहीत. फरक इतकाच की कटपीस घेणारा तो गुपचूप घेई, आणि बिस्टरचा ग्राहक पिशवीवरचे नाव बाहेर दिसेल अशा बेताने ती हातात धरतो.

बिस्टर व्हिलेज १९९५ मध्ये उघडले. स्थानकातून बाहेर पडून काही मिनिटे चालले की एक लांबलचक, केवळ पायी फिरण्याची गल्ली लागते. दोन्ही बाजूंना बैठी, उतरत्या छपरांची, लाकडी फळ्यांची घरे. दारात फुलांच्या कुंड्या, मध्ये बाके. हे इंग्लिश खेडे नव्हे. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील जुन्या गावांच्या धाटणीवर ते रचलेले आहे, म्हणजे इंग्लंडात येऊन इंग्लंडच्या नक्कलेची नक्कल पाहायची! दीडशेच्या वर दुकाने. बर्बेरी, गुच्ची, प्राडा, राल्फ लॉरेन या नावांपुढे दोरी बांधून रांग लावलेली असते आणि दारावरचा माणूस मोजून लोक आत सोडतो. स्वस्त माल घ्यायला आलेल्या माणसाला रांगेत उभे केले की त्याला तो माल अधिक मोलाचा वाटतो, हे दुकानदारीतले जुने मानसशास्त्र आहे. फलकांवर मूळ किंमत, तिच्यावर रेघ आणि खाली नवी किंमत. घासाघीस नाही, उधारी नाही.

पत्नी व लेक एका बाकावर विसावल्या. बापलेक मात्र दुकानांत शिरले आणि कपडे अंगाला लावण्याऐवजी उलटे करून पाहू लागले. बाजूच्या शिवणीवर चौकड्या जुळतात का, आत दाब किती ठेवला आहे, काज हातचे की यंत्राचे, अस्तर कुठवर आहे. विक्रेती मुलगी सौजन्याने हसून दूर उभी राहिली. दोन-तीन दुकाने झाल्यावर वडिलांना काही उमगले. एका दुकानात कोटांचा सेट तुटलेला होता : एका रंगात फक्त अगदी लहान माप, दुसऱ्यात फक्त अगदी मोठे, तिसऱ्याचा एकच नग. पुढच्या दुकानात मात्र टी-शर्ट प्रत्येक रंगात, लहानापासून डबल एक्सएलपर्यंत, हारीने लावलेले होते.

"पप्पा, इथे तर सगळी मापं मिळतात," मुलगा म्हणाला.

"म्हणूनच हा उरलेला माल नव्हे, बेटा. उरलेल्या मालाला सगळी मापं नसतात."

व्यापाऱ्याच्या नजरेला दिसलेली ही गोष्ट खोटी नव्हे. अनेक कंपन्या केवळ आउटलेटसाठी वेगळा, हलक्या कापडाचा व कमी खर्चाचा माल तयार करून घेतात. त्यावर छापलेल्या मूळ किमतीला तो माल कोणत्याही मोठ्या दुकानात कधी विकायला ठेवलेलाच नसतो. २०१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसमधील काही सदस्यांनी या प्रथेची चौकशी व्हावी म्हणून तेथील फेडरल ट्रेड कमिशनला पत्र लिहिले होते. तेव्हा परदेशी जाणाऱ्या वाचकांनी आउटलेटमध्ये टक्केवारीकडे पाहण्याआधी मापांकडे पाहावे. सेट तुटलेला असेल तेथे सवलत बहुधा खरी असते.

दुसरी गोष्ट जेवताना कळली. थेपले आणि खाकरे घरून नेलेलेच होते. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे चौविहाराची घाई नव्हती आणि बाकावर निवांत गप्पा झाल्या. लेकीने विचारले, एवढी मोठी नावे लंडनच्या बाँड स्ट्रीटवरच एक कोपरा सवलतीला का देत नाहीत? एवढ्या दूर का येतात? वडील बराच वेळ बोलले नाहीत. बिस्टर चालवणाऱ्या कंपनीची पॅरिस, मिलान, माद्रिद, बार्सिलोना या शहरांसाठीही अशीच गावे आहेत, आणि सगळी शहराबाहेर. अंतर हे मुद्दाम राखलेले आहे. पुरी किंमत देणारे गिऱ्हाईक आणि सवलतीचे गिऱ्हाईक एका दारात समोरासमोर येऊ नयेत, ही त्यातली मेख. शिवाय अशा केंद्रांत जागेचे भाडे बहुधा विक्रीच्या टक्केवारीत ठरते, त्यामुळे माल विकला गेला तरच जागामालकाचेही भले. मुलाने हे कागदावर टिपून घेतले.

जैन कुटुंबाला या गल्लीत एक अडचण सतत भासते. मोठ्या घराण्यांचा बराचसा धंदा चामड्याच्या पिशव्या, पट्टे आणि जोड्यांवर चालतो, आणि सर्वांत लांब रांगा त्याच दुकानांपुढे असतात. कापडी वा कृत्रिम दिसणाऱ्या पिशवीचीही मूठ चामड्याची निघते, म्हणून आतली चिठ्ठी वाचल्याशिवाय वस्तू घेऊ नये. लंडनच्या डिझायनर स्टेला मॅकार्टनी यांनी २००१ मध्ये स्वतःचे घराणे काढले तेव्हापासून चामडे व फर वापरलेले नाही. तरी त्यांच्या मालात लोकर व रेशीम असते, आणि कोश उकळून काढलेले रेशीम ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी तेथेही चिठ्ठी पाहावी. या कुटुंबातील महिलांनी दिवसभरात एक सुती ओढणी घेतली.

मुलाला एक लोकरी ओव्हरकोट आवडला. मूळ किंमत १,००० पौंड, आउटलेटची ६५०. सेट तुटलेला होता, म्हणजे माल खरा. वडिलांनी खिशातली वही काढली. पौंड तेव्हा साधारण १०६ रुपयांचा. ६५० पौंडांचे ६८,९०० रुपये. कार्डावर परकीय चलनाचे साडेतीन टक्के आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी, मिळून सुमारे २,८४६. भारतात परतताना त्या वेळच्या नियमांनुसार नव्या वस्तूंवर माणशी ५०,००० रुपयांपर्यंत सूट, त्यावरच्या रकमेवर ३८.५ टक्के सीमाशुल्क. १८,९०० रुपयांवर ते ७,२७७ झाले. ही सूट कुटुंबातील दोघांची एकत्र करता येत नाही, हे पुष्कळांना विमानतळावर कळते. एकूण ७९,०२३ रुपये. पस्तीस टक्क्यांची सवलत प्रत्यक्षात साडेपंचवीस टक्क्यांवर आली, गाडीभाडे वेगळेच. ब्रिटनमध्ये वस्तूच्या किमतीत २० टक्के व्हॅट असतो. पूर्वी परदेशी पाहुण्याला तो विमानतळावर परत मिळे, पण १ जानेवारी २०२१ पासून ती सोय बंद झाली. फ्रान्स व इटलीत ती अजून आहे. त्यामुळे दोन्ही देशांच्या प्रवासात एकच मोठी खरेदी करायची असेल तर ती पॅरिसमध्ये केलेली बरी.

"आणि नागपुरात ओव्हरकोट घालणार कधी?" आईने विचारले. हा प्रश्न वहीतल्या सर्व आकड्यांपेक्षा प्रभावी ठरला. कोट परत खुंटीवर गेला.

परतीच्या गाडीत मुलाने वडिलांना एक जुनी बातमी वाचून दाखवली. एका वर्षात २.८६ कोटी पौंडांचा न विकलेला माल नष्ट केल्याचे बर्बेरीच्या २०१८ च्या अहवालातून बाहेर आले होते. नाव स्वस्त होऊ नये म्हणून माल जाळायचा, ही या धंद्यातली रीतच होती. टीकेचे काहूर उठल्यावर कंपनीने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ती प्रथा थांबवल्याचे जाहीर केले. चांगले कापड जाळण्याची कल्पना वडिलांना सहन होईना. जाळण्यापेक्षा बिस्टर शंभर पटींनी बरे, असे ते म्हणाले. आणि मग, खिडकीबाहेर पाहत, माळ्यावरचा मालही एका अर्थी जळतोच आहे, असेही म्हणाले.

मेरिलबोन येईपर्यंत वहीच्या मागच्या पानावर आराखडा झाला होता. माळ्यावरच्या मालाची मोसमवार यादी करायची. ज्याचा सेट तुटला आहे तो माल आधी काढायचा आणि ताळेबंदात त्याची किंमत खऱ्या भावाने लिहायची, त्या वर्षीचा नफा कमी दिसला तरी. सवलतीसाठी नवा माल मागवायचा नाही. सदरच्या दुकानावर पाटी लावायची नाही. सवलतीचे दुकान वेगळ्या नावाने, सदरपासून दूर काढायचे. मुलगा कामठी रोडकडच्या जागेच्या बाजूचा आहे, कारण तेथे भाडे कमी. वडिलांना इतवारी हवी, कारण तेथे माणूस भाव पाहायलाच येतो. आईच्या मते दोन्ही जागा पाहिल्याशिवाय बोलू नये, आणि यादीचे काम अजून निम्मे बाकी आहे.