तांब्याचा खुरीस

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. मधल्या सुट्टीत नववीतील एका मुलाने माझ्या टेबलावर एक जुने नाणे आणून ठेवले. त्याचे आजोबा बोटीवर नोकरीला होते आणि देशोदेशीची नाणी एका डब्यात साठवण्याचा त्यांना छंद होता. नाण्याच्या एका अंगास केळी होती, दुसऱ्या अंगास फुलीसारखी आकृती. शिवाय ‘कटांगा’ हे नाव आणि १९६१ हे साल. मुलाने विचारले, “बाई, हा खुरीस कोणाचा?”

मी वह्या तपासण्यात गुंतले होते. मान वर न करताच म्हणाले, “मिशनऱ्यांचा असणार.” मुलगा समाधानाने निघून गेला. त्याचे ते समाधान मात्र मला दिवसभर टोचत राहिले. आपल्या गोमंतकात प्रत्येक वळणावर खुरीस दिसतो, म्हणून आफ्रिकेतील फुलीही ख्रिस्ताचीच, असे मी कोणत्या आधारावर ठरवले होते?

त्या रात्री पुस्तके चाळली आणि माझी चूक उमगली. ती फुली म्हणजे देवाचे चिन्ह नव्हते. ते चलन होते. कटांगा हा काँगोच्या दक्षिणेकडील तांब्याचा प्रदेश. तेथील कारागीर मॅलाकाइट नावाचा हिरवा दगड वारुळाच्या मातीच्या भट्टीत कोळशावर वितळवीत आणि तांबडा धातू साच्यात ओतून त्याच्या फुल्या घडवीत. देवघेवीत ह्या फुल्या चालत. किसाले सरोवराकाठी सांगा येथे सापडलेल्या पुरातन थडग्यांतही त्या मृतांजवळ ठेवलेल्या आढळल्या. आधीच्या थडग्यांत त्या मोठ्या आहेत, पुढच्या काळात लहान होत गेल्या. युरोपियन माणसाचे पाऊल तेथे पडण्यापूर्वी कित्येक शतके हा व्यवहार चालू होता.

३० जून १९६० रोजी काँगो बेल्जियमच्या सत्तेतून मुक्त झाला. अवघ्या अकरा दिवसांनी, ११ जुलैस, मोइझ त्शोंबे ह्यांनी कटांगा स्वतंत्र झाल्याची घोषणा केली. नव्या राज्याने झेंडा केला. त्यावर तांबडा, हिरवा आणि पांढरा असे तीन रंग होते. हिरवा आशेचा, पांढरा शुद्धतेचा. आणि पांढऱ्या भागात तांब्याच्या तीन फुल्या, ह्या भूमीच्या संपत्तीचे चिन्ह म्हणून.

झेंडा देखणा होता. पण तांब्याच्या खाणी १९०६ मध्ये स्थापन झालेल्या एका बेल्जियन कंपनीच्या हाती होत्या. तिचा पैसा आणि बेल्जियन अधिकारी ह्यांच्या बळावर ते राज्य उभे होते. जगातील एकाही राष्ट्राने त्याला मान्यता दिली नाही. काँगोचे पंतप्रधान पात्रिस लुमुंबा ह्यांना कैद करून तेथे नेण्यात आले आणि १७ जानेवारी १९६१ रोजी ठार मारण्यात आले. सर्वांत विषाद वाटतो तो ह्याचा की, ज्यांच्या भूमीतील थडग्यांत त्या फुल्या मिळाल्या, त्या उत्तरेकडील लूबा लोकांपैकी पुष्कळांनी ह्याच राज्याविरुद्ध बंड केले. पूर्वजांचे चिन्ह झेंड्यावर होते, आणि वंशज त्याच झेंड्याशी झुंजत होते!

संयुक्त राष्ट्रांच्या सेनेत आपले जवानही तेथे होते. ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिल शहरात रस्त्यावरील नाकेबंदी मोडताना कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ह्यांना वीरमरण आले. वय अवघे सव्वीस वर्षे. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. त्यानंतर चौदा दिवसांनी, १९ डिसेंबरला, गोवा मुक्त झाला व पणजीत तिरंगा चढला. एकाच महिन्यात भारतीय सैनिक एकीकडे एक झेंडा चढवीत होते, आणि दूर आफ्रिकेत दुसऱ्या झेंड्याखालच्या बंदुकांना तोंड देत होते. जानेवारी १९६३ मध्ये कटांगाचे वेगळे राज्य संपले. एलिझाबेथव्हिलला आता लुबुंबाशी म्हणतात.

दुसऱ्या दिवशी वर्गात उभी राहून मी सांगितले, “काल मी चुकीचे उत्तर दिले.” वर्गात क्षणभर शांतता पसरली. मग सारी हकीकत सांगितली. नाण्याचा धनी विचारात पडला. “मग बाई, तो झेंडा खोटा होता का?”

ह्या वेळी मी घाई केली नाही. म्हटले, “फुल्या खऱ्या होत्या. भट्टीशी घाम गाळणारे हात खरे होते. त्या झेंड्यावर जीव लावणारी साधी माणसेही तेथे होती, आणि त्यांची माया खोटी म्हणण्याचा अधिकार मला नाही. पण झेंड्यावर जे काढले आहे ते कोणाच्या पदरात पडते, हे नुसत्या कापडाकडे पाहून कळत नाही. ते विचारावे लागते.”

मुलाने नाणे उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, “आपल्या झेंड्याबद्दलही विचारायचे, बाई?”

“आपल्याबद्दल तर आधी,” मी म्हणाले.

त्याने नाणे रुमालात बांधून खिशात ठेवले. घंटा झाली. मी पुन्हा वह्या पुढे ओढल्या. मात्र आता कोणी टेबलाजवळ आले की मान वर करण्याची सवय मी लावून घेतली आहे.