तिजोरीच्या चाव्यांचा दुसरा जोड



मी मूळचा रामाकोन्याचा. आतापर्यंत इथे आपल्या छोट्या रेल्वेबद्दल लिहिलं, कन्हानच्या पुराबद्दल लिहिलं. आज पासवर्डबद्दल लिहितो. हसू नका. छत्तीस वर्षं बँकेत काढली, आणि बँकेतल्या माणसाचा अर्धा जीव चाव्यांतच अडकलेला असतो. पासवर्ड म्हणजे दुसरं काय?

ज्यांनी बँकेत नोकरी केली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. शाखेची तिजोरी एकट्या माणसाला उघडता येत नाही. दोन चाव्या लागतात, एक कॅशियरजवळ आणि दुसरी मॅनेजर किंवा अकाउंटंटजवळ. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण या चाव्यांचा आणखी एक जोड असतो आणि तो त्या शाखेत ठेवतच नाहीत, हे फार थोड्यांना माहीत असतं. तो जोड पाकिटात घालायचा, लाखेचं सील लावायचं, वर दोघांच्या सह्या, आणि ते पाकीट दुसऱ्या शाखेत ठेवायला द्यायचं. तिकडून पावती घ्यायची, रजिस्टरमध्ये नोंद करायची. ठरावीक मुदतीनं ते पाकीट परत आणायचं, त्या चाव्या वापरात घ्यायच्या आणि वापरातल्या चाव्या सील करून तिकडे पाठवायच्या. नव्या पोरांना ही अदलाबदल म्हणजे नुसती कागदी कटकट वाटायची. "साहेब, चावी काय खराब होते का पाकिटात?" असं विचारायचे.

१९८० नंतरची गोष्ट. शाखेचं नाव लिहीत नाही. पोळा तोंडावर आलेला, सोमवारी बाजार. बैलांचा साज, घरचा किराणा, सगळ्यांना पैसे हवे होते. आमचा कॅशियर रविवारी गावी गेला आणि रात्री असा पाऊस झाला की त्याच्या गावच्या पुलावरून पाणी. मोबाइल नव्हतेच. साडेदहाला बँकेसमोर शंभरेक लोक उभे, आणि एक चावी नदीपलीकडे कॅशियरच्या करगोट्याला. मॅनेजरनं मला जीपमध्ये बसवून दुसऱ्या शाखेत पाठवलं. पावती दाखवली, पाकीट घेतलं, सील शाबूत आहे हे दोघांनी पाहून लिहून दिलं. परत येऊन साक्षीदारांसमोर फोडलं. एक वाजता पैसे वाटणं सुरू झालं. चावी पहिल्या झटक्यात फिरली, कारण वर्षभरापूर्वीच तो जोड आम्ही वापरून परत ठेवला होता. दुसऱ्या एका शाखेत असाच प्रसंग आला तेव्हा पाकिटातून निघाली जुन्या कुलपाची चावी. मधे कुलूप बदललं होतं, पाकीट तेच राहिलं. मिस्त्री येईपर्यंत तिजोरी बंद.

पुढे कॉम्प्युटर आले, तेव्हा आम्हा जुन्या लोकांना फार वेगळं काही शिकावं लागलं नाही. मुख्य पासवर्ड बंद पाकिटात, पाकीट तिजोरीत. पासवर्ड बदलला की नवं पाकीट आणि जुनं फाडून टाकायचं.

हे सगळं आज आठवायचं कारण माझा एक मित्र. सगळे त्याला गुरुजीच म्हणत, मीही तेच म्हणतो. रिटायर झाल्यावर त्यानं एक काम हाती घेतलं. सौंसर भागातल्या खेड्यापाड्यांत जायचं, म्हाताऱ्या बायांजवळ बसायचं आणि जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या. आपला भाग १९५६ मध्ये मध्यप्रदेशातच राहिला, शाळा-कचेरीत हिंदी आली, पण जात्यावर मराठीच होती, असं तो म्हणायचा. तीन-साडेतीन वर्षं हिंडला. त्यातल्या कितीतरी बाया आता नाहीत.

गेल्या वर्षी गुरुजी झोपेतच गेला. फोन उशाशी, सहा आकड्यांचं कुलूप लावलेला. आकडे कोणालाच माहीत नाहीत.

बँकेचं काम मी स्वतः पाहिलं. ते अवघड गेलं नाही. खात्याला आणि एफडीला नॉमिनी वहिनीच होत्या. मृत्यूचा दाखला, आधार, फॉर्म, आणि पैसे त्यांच्या खात्यात. फॅमिली पेन्शनही सुरू झाली. समग्र आयडीत नाव कमी करायला पंचायतीत दोन चकरा झाल्या, तेवढंच. त्याचा नेट बँकिंगचा पासवर्ड कोणाला लागलाच नाही. फोनचं मात्र तसं नाही. तिथे ना नॉमिनी, ना फॉर्म, ना मॅनेजर. मुलानं वाढदिवस, लग्नाची तारीख, नोकरी लागल्याचं साल टाकून पाहिलं. प्रत्येक चुकीनंतर थांबायची वेळ वाढत गेली, तेव्हा मीच म्हटलं, आता पुरे. सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ईमेल उघडायचा प्रयत्न केला. ओटीपी आला, पण पुढे जुन्या फोनवरूनच "हो, मीच" असं दाबायला सांगितलं. म्हणजे तिजोरीची चावी तिजोरीत. दुकानदार म्हणाला, रिसेट मारून देतो, फोन नव्यासारखा होईल. होईल ना, पण आतलं सगळं पुसून.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, थो फोन कोनाले देऊ नका. त्यात त्यायचा आवाज हाय. बाया गाते अन् मंदात हे 'वा वा' म्हनते." तो फोन त्यांनी कपाटात ठेवला आहे. महिन्यातून एकदा चार्ज करतात. सिमचं रिचार्जही चालू ठेवायला मी सांगितलं आहे, कारण नंबर बंद पडला की काही काळानं तो दुसऱ्याच कोणाला दिला जातो, आणि मग ओटीपीही तिकडेच.

नॉर्वेमध्ये असाच एक किस्सा झाला होता. एका संग्रहालयाकडे एका प्राध्यापकाच्या ग्रंथसंग्रहाची कॉम्प्युटरवर केलेली सूची होती. सूची करणारा माणूस पासवर्ड न सांगताच वारला. २००२ मध्ये त्यांनी जगालाच विनंती केली की कोणी उघडून द्या. आणि उघडलं! पासवर्ड होता त्या प्राध्यापकाचं आडनाव, उलटं लिहिलेलं. मी हे वहिनींच्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, काकाजी, आजची कुलपं तशी नाहीत. खरं आहे. तिथे कुलूप कच्चं होतं म्हणून काम झालं.

आता तुम्ही म्हणाल, बँकवालेच तर सांगतात की कुठे लिहून ठेवू नका. एटीएम आणि यूपीआयच्या पिनबद्दल ते अगदी बरोबर आहे. पिन लिहायचा नाही, सांगायचा नाही, आणि माणूस गेल्यावर त्याच्या कार्डानं पैसे काढायचेही नाहीत. त्या पैशांसाठी नॉमिनी आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून तर बँक खात्याला चार नॉमिनी देता येतात. नॉमिनी नसला तरी वारसांना कागदपत्रं देऊन पैसे मिळतात, वेळ लागतो इतकंच. म्हणून मी दोन भाग करतो. ज्याला माणसाकडून जायचा दुसरा रस्ता आहे, त्याची फक्त यादी: कोणती बँक, कोणती शाखा, कोणती पॉलिसी. ज्याला तसा सोपा दुसरा रस्ता नाही, त्याची चावी: फोनचं कुलूप, ईमेलचा पासवर्ड, आणि पासवर्ड सांभाळणारं ॲप वापरत असाल तर त्याचा मुख्य पासवर्ड. ईमेलवाले फोन हरवला तर वापरायला काही बॅकअप कोड देतात. गूगलचे आठ आकड्यांचे दहा मिळतात, एक कोड एकदाच चालतो. तेही कागदावर उतरवायचे. गुरुजीच्या घरी तेवढा कागद असता तर निदान ईमेल उघडलं असतं.

माझ्याकडे हे सगळं एका वहीत आहे, हातानं लिहिलेलं. दुसरी प्रत बंद पाकिटात, सीलच्या जागी माझी आडवी सही, धाकट्या बहिणीकडे सौंसरला. तिला आत काय आहे ते माहीत नाही, कधी फोडायचं ते माहीत आहे. घरात माझ्या बायकोला आणि नागपूरच्या मुलीला पाकीट कोणाकडे आहे एवढं ठाऊक आहे. काही लोक फोटो काढून फोनच्या गॅलरीत ठेवतात किंवा स्वतःलाच व्हॉट्सॲप करतात. फोन गेला की चावीही गेली, आणि फोन चोरला तर चोराला आयती. लॉकरही मला पटत नाही. एकट्याच्या नावावर असेल तर मालक गेल्यावर लॉकर उघडायलाच कागद लागतात. मृत्युपत्रात तर लिहूच नये, ते दहा हातांतून फिरतं.

नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला देतो, त्याच आठवड्यात बहिणीकडून पाकीट आणतो. त्यातलं वाचून एकेक खरंच उघडतं का ते पाहतो, बदललेलं नव्यानं लिहितो, जुना कागद चुलीत. बहीण दरवर्षी विचारते, "तुही बँक अजून सुटली नाही का रे?"

आता मुख्य काम. गुरुजीला सवय होती, एखादी ओवी चांगली मिळाली की तो व्हॉट्सॲपवर चार ओळखीच्यांना पाठवायचा. मला पाच आल्या होत्या, त्या मी मुलाला देऊन वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या आहेत. रामाकोना, सौंसर, लोधीखेडा, पांढुर्णा इकडच्या किंवा बाहेर गेलेल्या कोणाच्याही फोनमध्ये अशा रेकॉर्डिंग पडल्या असतील. जुना फोन कपाटात असेल तर तोही चालू करून पाहा. बाईचा आवाज, जात्याची घरघर, आणि मधेच एक माणूस "वा वा" म्हणतो. सापडलं तर पुसू नका, मला कळवा. वहिनींपर्यंत मी पोचवतो.