घंटेची वेळ

मला मिळालेला झगा माझ्याहून मोठ्या कुणा मुलासाठी शिवलेला होता. आजीनं त्याची कड आत दुमडून टाके घातले, कमरेची लाल दोरी दोनदा फिरवून बांधली आणि बजावलं, "वेदीपाशी पळायचं नाही. आणि नाक तर मुळीच खाजवायचं नाही." वसईतल्या आमच्या गावात वेदीसेवक होण्याची दीक्षा म्हणजे एवढंच. बाकीचं सँक्रिस्टीत मोठी मुलं शिकवत. पाणी कुठल्या हातात धरायचं, फादरांनी हात धुतल्यावर टॉवेल कसा पुढे करायचा, धूपदाणीतले निखारे फुंकताना राख डोळ्यांत जाऊ नये म्हणून मान कशी वळवायची.

पहाटेच्या मिस्सेला बाहेर केळीच्या बागांवर अजून अंधार असे. पुढच्या बाकांवर आजीच्या वयाच्या बायका लाल लुगड्यांत, आणि ज्यांना लोकल पकडायची ते मागे दाराशी, घड्याळाकडे बघत. अशाच एका पहाटे मी पहिल्यांदा घंटेजवळ गुडघे टेकले.

काम तसं सोपं. फादर भाकर आणि द्राक्षारसावर हात पसरतात तेव्हा एकदा, भाकर उंचावतात तेव्हा, मग चषक उंचावतात तेव्हा. पहिली वेळ साधली. नंतर मी फादरांच्या हातांकडे बघत राहिलो आणि बघता बघता घंटाच विसरलो. भाकर वर गेली. वरच थांबली, नेहमीपेक्षा अंमळ जास्तच. सगळं चर्च गप्प. मग बायकांच्या बाजूनं एक खोकला आला, कोरडा, मुद्दाम काढलेला. माझ्या धाकट्या बहिणीचा! दचकून घंटा उचलली तोवर भाकर खाली यायला लागली होती.

घरी आजोबा पोटभर हसले. त्यांनीही लहानपणी वेदीसेवा केलेली, पण लॅटिन मिस्सेत. उत्तरं सगळी पाठ, अर्थ एकाचाही ठाऊक नाही. फादर लोकांकडे पाठ करून उभे असत. भाकर उंचावली जाताना सेवकानं डाव्या हातानं फादरांच्या वस्त्राची मागची कड उचलून धरायची आणि उजव्यानं घंटा वाजवायची. मागच्या बाकांवरच्या माणसांना दिसणार काय आणि कळणार काय? वेदीवर काय घडलं ते घंटाच सांगायची. पुढे १९६२ ते १९६५ची व्हॅटिकन परिषद झाली, मिस्सा मराठीत आली, फादर लोकांकडे वळले. खरं तर घंटेची गरज तिथेच संपली. नियमांतही ती आता सक्तीची नाही. तरी चुकली की अख्ख्या चर्चला कळतं, हे मी स्वानुभवानं सांगतो.

बहिणीची वेळ कधीच चुकत नसे. घरी ती स्टीलच्या वाटीवर चमच्यानं मिस्सा करायची, तीही बिनचूक. मुलींना वेदीसेवा करू द्यावी का, हा निर्णय बिशपांवर सोपवणारं रोमचं पत्र १९९४ साली आलं. आमच्याकडे मुली झग्यात दिसू लागल्या तोवर ती कॉलेजात जायला लागली होती. झगा घालायचं तिचं वय निघून गेलं होतं. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. तिचा खोकला मात्र हक्काचा वाटायचा. पुढची दोन-तीन वर्षं मी त्याच्याच भरवशावर घंटा वाजवली, हे फादरांना कधी कळलं नाही. कदाचित कळलंही असेल.

अलीकडे आम्ही दोघं वाईजवळच्या मेणवलीला गेलो होतो. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, कृष्णेच्या काठी, एक थोरली घंटा टांगलेली आहे. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, आणि तिथल्या चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून दूरदूर गेल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात, एक भीमाशंकरला, एक इथे. अंगावर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. बहिणीनं चष्मा कपाळावर सारून त्या आकृतीवरून बोट फिरवलं. मग घंटेखाली जाऊन लोलक धरला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी खोकलो.