पडण्याची विद्या

चित्रपटांतील धाडसाच्या दृश्यांविषयी मला जी आस्था वाटते तिचा उगम बालपणीचा आहे. गावच्या जत्रेत उभारलेल्या तंबूत, वाडिया बंधूंच्या जुन्या चित्रपटांतून आगगाडीच्या टपावर गुंडांना लोळवणारी नादिया आम्ही जमिनीवर बसून पाहत असू, आणि ही बाई हे सारे स्वतःच करते, तिच्या जागी दुसरे कोणी नसते, ही वार्ता मोठी माणसेही एकमेकांना आदराने सांगत. एकाच्या नावाने दुसऱ्याने पडावे असा रिवाज चित्रसृष्टीत आहे हे मला पुढे, मुंबईत शिकावयास आल्यावर कळले, आणि तेव्हापासून माझे लक्ष नायकावरून ढळून त्याच्या त्या अनामिक प्रतिनिधीकडे कायमचे वळले.

अशा प्रतिनिधींत मी ज्याला शिरोमणी मानतो तो याकिमा कनट हा अमेरिकन घोडेस्वार. जॉन फोर्डच्या १९३९ सालच्या 'स्टेजकोच'मध्ये, सहा घोड्यांची गाडी कोरड्या सरोवराच्या पात्रातून भरधाव चालली असता, अपाची योद्ध्याच्या वेषातील कनट आपल्या घोड्यावरून गाडीच्या अगदी पुढच्या जोडीवर झेप घेतो, गोळी लागताच दोन घोड्यांच्या मध्ये घसरतो, काही क्षण लोंबकळत फरफटत जातो आणि मग हात सोडतो. टापांच्या रांगा आणि पाठोपाठ गाडीची चाके त्याच्या दोन्ही अंगांनी निघून जातात. तारुण्यात मला या दृश्यात केवळ शौर्य दिसे. वय वाढले तशी नजर हात सोडण्याच्या त्या एका क्षणावर स्थिरावू लागली. देह ताठ, पाय जुळलेले, हात अंगालगत. ज्याने ते अंतर आधी वितीवितीने पारखलेले नाही अशा माणसाच्या हातून ती गोष्ट झाली असती तर तिला आत्मघात हेच नाव द्यावे लागले असते.

१८९५ साली वॉशिंग्टन राज्यात जन्मलेल्या कनटने पेंडलटनच्या रोडिओत अनेकदा विजेतेपद मिळवले आणि मूकपटांत तो नायकही झाला; परंतु बोलपटांचा अंमल सुरू होताच, आजारपणाने कायमचा बिघडलेला त्याचा आवाज मायक्रोफोनला मानवेना, तेव्हा त्याने इतरांच्या वतीने पडण्याचा पेशा पत्करला. ठोसा चेहऱ्यालगत जावा पण लागू नये, आणि उरलेले काम कॅमेऱ्याच्या कोनाने करावे, ही पडद्यावरील मारामारीची रीत त्याने जॉन वेनच्या सहवासात घोटून तयार केली. या कसबाची काळी बाजूही सांगितली पाहिजे. घोड्याच्या पुढच्या पायांना तारा बांधून त्याला ठरल्या जागी कोलमडवण्याची 'रनिंग डब्ल्यू' ही हिकमत त्या काळी सर्रास चाले, आणि कनटही ती वापरी. माणसाने आपल्या देहाची जोखीम मेहनताना ठरवून घेतलेली असते. घोड्याला कोणी विचारलेले नसते. 'जेसी जेम्स'च्या चित्रणात उंच कड्यावरून पाण्यात पाडलेला घोडा मेला, त्यावर गदारोळ उठला, आणि त्यानंतर कोठे प्राणिसंरक्षक संस्थेची देखरेख सुरू झाली. कनटविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे, म्हणूनच हे प्रकरण वगळून त्याची थोरवी गाणे मला पटत नाही.

'बूम टाउन'च्या वेळी घोडा अंगावर कोसळून त्याला जबर दुखापत झाली, पुढे दोन्ही घोटे मोडले, आणि हळूहळू तो स्वतः उडी घेण्याऐवजी इतरांच्या उड्यांची आखणी करू लागला. त्याच्या आयुष्याचा हा उत्तरार्ध मला पूर्वार्धाहून मोठा वाटतो. 'बेन-हर'मधील रथांची शर्यत रोमजवळच्या चिनेचित्ता स्टुडिओत त्याने अँड्र्यू मार्टनच्या जोडीने उभी केली. घोडे निवडणे, सारथ्यांना तालीम देणे, आणि चार्लटन हेस्टनच्या जागी खुद्द आपल्या मुलाला, जो कनटला, रथात उभे करणे, हा सगळा बंदोबस्त त्याचा. मोडलेल्या रथांवरून उडताना जो पुढे फेकला गेला, पण त्याने पकड सोडली नाही. हनुवटीला टाके पडले एवढ्यावर निभावले, आणि तेच चित्रण चित्रपटात कायम राहिले. त्या शर्यतीत माणूस दगावल्याची दंतकथा आजही सांगतात, परंतु तीत तथ्य नाही. पोटच्या पोराला त्या रथात चढवून आपण बाजूला उभे राहणाऱ्या बापाच्या मनाची तेव्हा काय अवस्था झाली असेल, याचा विचार माझ्याने पुरता करवत नाही.

ती अवस्था कशी असते याची पुसट जाणीव मला मुंबईतल्या एका स्टुडिओच्या आवारात झाली. दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून एका तरुणाला पडायचे होते. वयस्क फाइट मास्तर पुठ्ठ्याची रिकामी खोकी रचून घेत होते. प्रत्येक खोके तळव्याने दाबून पाहत, दमट लागले की बाजूला भिरकावीत, कारण ओल धरलेला पुठ्ठा भार झेलण्याआधीच बसतो. खोक्यांवर गाद्या, भोवती आवळलेला दोर. दिग्दर्शक घाई करीत होता. मास्तरांनी तिकडे पाहिलेही नाही. सारे मनासारखे झाल्यावर ते वर गेले, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाठीवर ये, बाळ. मान आत," आणि खाली येऊन स्वतःच्या खुणेवाचून कोणी हलायचे नाही असे सर्वांना बजावले. मुलगा पडला, उठला, कपडे झटकून हसला. मास्तर मात्र बराच वेळ काही बोलले नाहीत.

'शोले'त हेमा मालिनींच्या जागी टांगा हाकताना जखमी झालेल्या रेश्मा पठाण यांचे नाव सामान्य प्रेक्षकांना कित्येक वर्षे ठाऊक नव्हते. कनटला १९६७ साली सन्माननीय ऑस्कर मिळाले, आणि त्याच्या मानपत्रात कर्तृत्वाइतकाच, स्टंट कलावंतांच्या रक्षणासाठी त्याने सिद्ध केलेल्या साधनांचा गौरव होता. मात्र या कलेसाठी स्वतंत्र वार्षिक पुरस्कार ठेवण्याचा निर्णय अकादमीने २०२५ साली जाहीर केला. २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांमधून निवड होऊन तो प्रथम २०२८ साली दिला जाईल, तेव्हा कनटच्या मृत्यूला बेचाळीस वर्षे झालेली असतील.