बळ धाग्यात आहे, पकड कुठे आहे?

प्रिय मेधा,

तुझा प्रश्न अगदी रास्त आहे. केळीच्या सोपटात बांधलेला गजरा आपण लहानपणापासून माळला, ते सोपट ओढून तुटत नाही. मग तोच धागा प्लॅस्टिकमध्ये घालून केलेली फळी कच्ची का निघते?

अगं, धागा कच्चा नसतोच. मोडलेल्या फळीची कड सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की धागे अख्खेच्या अख्खे उपसून आलेले दिसतात आणि प्लॅस्टिकमध्ये त्यांची गुळगुळीत भोकं उरलेली. म्हणजे भार धाग्यापर्यंत पोचलाच नाही. बिनसतं ते दोघांच्या सीमेवर. धाग्यातल्या सेल्युलोजवर हायड्रॉक्सिल गटांची दाटी, त्यांना पाण्याची ओढ. आणि माझ्या फळीतलं प्लॅस्टिक, पॉलिप्रोपिलीन, मेणासारखं, पाण्याला जवळ न करणारं. वितळून धाग्याभोवती पसरतं, पण त्याला धरत नाही.

पहिला उपाय कास्टिक सोड्याचा. सौम्य द्रावणात, बहुधा पाच टक्क्यांच्या आसपास, धागा भिजवला की मेण, हेमिसेल्युलोज आणि थोडं लिग्निन निघून जातं, पृष्ठभाग खरबरीत होतो. जॉन मर्सरनं इंग्लंडमध्ये १८५० साली सुती कापडासाठी पेटंट घेतलं ते कास्टिक सोड्याच्याच क्रियेचं, फक्त द्रावण बरंच तीव्र. सोडा जास्त झाला तर मात्र धागाच खंगतो.

मला खरी भुरळ पडली आहे ती दुसऱ्या उपायाची. मॅलेइक अ‍ॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रोपिलीन मिश्रणात थोडंसंच घालायचं. त्यातला अ‍ॅनहायड्राइड गट धाग्याच्या हायड्रॉक्सिलशी एस्टर बंध करतो आणि उरलेली लांब साखळी प्लॅस्टिकच्या साखळ्यांत गुंतून बसते. दोन्हीकडचं नातं असलेला रेणू! मग फळी मोडताना धागे उपसून न येता तुटतात. तुटलेला धागा पाहून एवढा आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

तुमच्या जर्मनीतल्या ट्राबांट गाडीचे पत्रे कापसाचे तंतू आणि फिनॉलिक राळ यांचे होते. त्या राळेकडे स्वतःचेच हायड्रॉक्सिल गट, त्यामुळे कापसाशी तिचं सहज जमलं. पण ती राळ पुन्हा वितळत नाही, म्हणून मी पॉलिप्रोपिलीनचा हट्ट धरते. ते १६५ अंशांच्या आसपास वितळतं, तर सेल्युलोज २०० च्या पुढे करपू लागतं. काम तेवढ्याच फटीत उरकायचं.

आणि हा खटाटोप का, तर जळगावकडे ये आणि बघ. केळीच्या खोडाला घड एकदाच येतो. तो उतरला की खोड कापून टाकतात, ते हलवायचाही शेतकऱ्याला खर्च. त्या खोडातून त्याच्या हाती चार पैसे यावेत असं मला मनापासून वाटतं.

आता धास्ती पावसाची. ओल शिरली की धागा फुगतो, वाळला की आकसतो, आणि कष्टानं जुळवलेली सीमा पुन्हा सुटू लागते. कोरड्या फळीच्या ताकदीचे आकडे म्हणूनच मी अजून कुणाला दाखवत नाही. सध्या फळ्या पाण्यात बुडवून ठेवल्या आहेत. बाहेर काढून मोडल्या की लिहिते.

तुझी,
शुभा