नावडतीचं मीठ

‘प्लेबॅक पार्ट टू’ हे जपानी गायिका मोमोए यामागुचीचं सगळ्यात चांगलं गाणं, असं मी कधीही म्हटलेलं नाही. सगळ्यात चांगलं ‘आकिझाकुरा’. त्यानंतर ‘योकोसुका स्टोरी’. ‘प्लेबॅक’ तिसरं, आणि तेसुद्धा मधल्या एका जागेसाठी. तिथं सगळी वाद्यं एकदम गप्प होतात आणि आपल्याला वाटतं, गेली रेंज. आमच्या पवनीत रेंज जाण्याचं कोणाला नवल नाही, म्हणून मी पहिल्यांदा मोबाइल हलवून पाहिला होता. पण ते थांबणं गाण्यातलंच. १९७८ सालचं गाणं, गाणारी एकोणीस वर्षांची, आणि त्या क्षणभराच्या गप्प बसण्यानंतर ती परत येते ती मघापेक्षा चिडून. गाण्यात एक लालभडक पोर्शे गाडी आहे. जाहिरात नको म्हणून जपानच्या एनएचके वाहिनीच्या कार्यक्रमात तिला ‘पोर्शे’ गाळून नुसती ‘गाडी’ म्हणायला लावलं होतं. नाव गेलं की गाण्याचा तोरा उतरतो, असं माझं मत. मला जपानी येत नाही, पण मत आहे.

घोळ आहे तो ‘सायोनारा नो मुकोगावा’चा. ऑगस्ट १९८० मधलं गाणं. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला तोक्योच्या बुदोकानमध्ये तिचा शेवटचा कार्यक्रम झाला. हे गाणं म्हणून तिनं हातातला माइक रंगमंचावर ठेवला आणि ती निघून गेली. वय एकवीस. महिन्या-दीड महिन्यात तोमोकाझु मिउराशी लग्न केलं आणि त्यानंतर आजतागायत ती गायला उभी राहिलेली नाही. पुढं ती कापडाचे तुकडे जोडून गोधड्या शिवायला लागली, २०१९ मध्ये त्या गोधड्यांचं पुस्तकही निघालं. आता हे सगळं ठाऊक असताना ते गाणं नुसतं गाणं म्हणून ऐकायचं कसं? चाल संथ आहे, शब्दांत सगळ्यांचे आभार आहेत, वाद्यं सांभाळून वाजतात. साधंच आहे, असं कोणी म्हटलं तर मला खोडून काढता येत नाही. आणि म्हटलं की राग येतो.

अशा वेळी आमच्या आत्याबाई काय म्हणाल्या असत्या ते मला माहीत आहे. “आवडतीचा शेंबूड गोड, नावडतीचा मीठ अरनी.” त्या हे कोणाहीबद्दल म्हणायच्या. जावयाबद्दल, सरपंचाबद्दल, एकदा तर दोन म्हशींबद्दल.

या म्हणीतल्या शेंबडाचं मला काही वाटत नाही. जीव जडलेलं माणूस काय काय गोड मानून घेतं ते प्रत्येकानं आपापल्या घरात पाहिलेलं असतं. मी अडते ती मिठापाशी. भाजी अळणी असते, वरण अळणी असतं. मीठ अळणी कसं असेल? मिठाची चिमूट जिभेवर ठेवून ती अळणी म्हणायची तर जीभच बिघडलेली हवी, म्हणजे म्हणीचा सगळा रोख आवडती-नावडती ठरवणाऱ्या राजाच्या जिभेवर आहे. पण ही म्हण करणाऱ्यानं नावडतीच्या हातचं खाल्लं होतं का? भांडाराच्या किल्ल्या आवडतीच्या कमरेला असतील आणि नावडतीच्या वाट्याला गडूच्या तळाशी राहिलेलं ओलं, माती लागलेलं मीठ येत असेल, तर तिची भाजी खरोखरच अळणी होत असेल. किंवा तिचंच मन उडालं असेल. ज्याला काहीही घाला, चांगलं लागणारच नाही, त्याच्या ताटासाठी कोण मोजून मीठ टाकतं? मग राजा म्हणतो ते खरंच ठरतं, आणि तरी दोष राजाचाच राहतो. माझी आणि म्हणीची फारकत इथून होते.

श्रावणी सोमवारच्या शिवामुठीच्या कहाणीत नावडती सून आहे. तिला उष्टं खायला, जाडंभरडं नेसायला, राहायला गोठा. ती देवाला तांदळाची, तिळाची, मुगाची, जवाची मूठ वाहते आणि सासरच्यांची आवडती कर म्हणते. देव पावतो, देऊळ सोन्याचं होतं, ती आवडती होते. लहानपणी ही कहाणी ऐकताना हातातल्या तांदळाकडं लक्ष असायचं. आता लक्षात येतं की नावडतीची आवडती होईपर्यंत तिच्या हाताच्या चवीत काडीचा फरक पडलेला नाही. तिनं रांधलेलं कहाणीत कोणी चाखतसुद्धा नाही.

माझी नावडती म्हणजे सेइको मात्सुदा. मोमोए गेली त्याच १९८० मध्ये ही आली, एप्रिलमध्ये पहिली तबकडी, जुलैमध्ये ‘आओई सांगोशो’, आणि जपानला रिकामी झालेली जागा भरायला वेळही लागला नाही. हे मला खटकतं. सेइकोचा आवाज वर चढताना मोकळा होतो, उन्हातल्या समुद्रासारखं काहीतरी पसरतं, जाणकार तिला मोठी मानतात. मला ते सगळं ऐकू येतं. तरी घास उतरत नाही. मोमोए थोडी थांबली असती आणि सेइको थोडी उशिरा आली असती, तर मला ‘आओई सांगोशो’ आवडलं असतं का?

पवनीत या विषयावर बोलायला कोणी नाही. इथं जपान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं भंते येतात. रुयाडला महासमाधीभूमीचा मोठा स्तूप आहे, फेब्रुवारीतल्या महोत्सवाला तिथं जपानहून भिक्खू येतात, रस्त्यावर गर्दी होते. १९६९-७० मध्ये जगन्नाथ टेकडी खणली तेव्हा तिथं खूप जुना स्तूप सापडला होता, म्हणून गावाला या पाहुण्यांचं अप्रूप आहे आणि थोडा हक्कही वाटतो. माझ्या कानात इअरफोन पाहून शेजारच्या वहिनींनी एकदा विचारलं, “का ऐकता वो, जपानी पाठ?” मी हो म्हटलं. त्या वेळी ‘इइ हि ताबिदाची’ चालू होतं. तेव्हाच्या सरकारी जपानी रेल्वेनं लोकांनी प्रवासाला निघावं म्हणून मोहीम काढली होती, तिच्यासाठी शिंजी तानिमुरानं केलेलं गाणं. म्हणजे जाहिरातच. तरी ते ऐकलं की मला पवनी रोडचं स्टेशन आठवतं. नागपूर-नागभीडची छोटी लाइन २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली. त्या छोट्या गाडीवर कोणी गाणं केलं नाही, आणि माझ्याकडं जे आहे ते दुसऱ्याच देशाच्या रेल्वेचं.

पण मिठाचं राहिलं. कहाणीतलं आटपाट नगर मी लहानपणापासून पवनीतच पाहत आले. तोच किल्ल्याचा दरवाजा, तीच वैनगंगा. मग राजाच्या घरात मीठ आलं कुठून? इथं धान आहे, तळी आहेत, मासोळी आहे. मीठ नाही. समुद्र दोन्ही बाजूंनी लांब. रेल्वे येण्याआधी मीठ यायचं ते बंजाऱ्यांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवर, किनाऱ्याकडून घाट चढून, जंगलातून. परतताना तेच बैल धान्य घेऊन जायचे. पावसाळ्यात तांडे थांबायचे. म्हणजे श्रावणात, नेमक्या कहाण्यांच्या महिन्यात, घरातलं मीठ उतरणीला लागलेलं असणार.

त्यात इंग्रजांनी मिठावर जकात बसवली आणि चोरटं मीठ अडवायला देशाच्या मधोमध एक लांबच लांब रेषा आखली. अटकेपासून बुऱ्हाणपूरवरून ओडिशाच्या हद्दीपर्यंत. काही ठिकाणी काटेरी झाडांचं कुंपण, काही ठिकाणी दगडांची भिंत, आणि पहाऱ्याला हजारो माणसं. १८७९ मध्ये ती उठली. बुऱ्हाणपूर पश्चिमेला, ओडिशा पूर्वेला, आणि आमची नदी मधून उत्तर-दक्षिण वाहणारी. ती रेषा वैनगंगा ओलांडल्याशिवाय पलीकडं गेलेली असणार नाही. इथल्या कोणा बाईनं त्या काळी भाजीत मीठ कमी घातलं असेल, तर ते कमी पडलं म्हणून. नवऱ्यानं ताट सरकवलं असेल. त्या दोघांपैकी एकालाही शिमल्यात सरकारनं काय ठरवलं याची वार्ता नसणार.

आणि मग १९३० चा मिठाचा सत्याग्रह. दांडीला समुद्र होता. वऱ्हाडात समुद्र कुठला? पण अकोल्याकडं पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. दहिहांड्याला लोकांनी त्या विहिरींचं पाणी काढलं, आटवलं आणि मीठ केलं. त्या वर्षी देशभर अशा मिठाच्या पुड्या लिलावात चढ्या भावानं जात होत्या. खाऱ्या विहिरीचं ते मीठ कडवटच असणार. पण पुडी घेणाऱ्यांपैकी कोणी ती आधी चाखून पाहिली असेल, असं मला वाटत नाही.

इथं मला जरा बरं वाटलं होतं. जीव जडला की चव बिघडते असं आत्याबाईंची म्हण सांगते. दहिहांड्याच्या मिठाला जीव जडणं सोडून दुसरी चवच नव्हती, आणि त्या लोकांच्या जिभा बिघडल्या होत्या असं कोण म्हणेल? मग ‘सायोनारा नो मुकोगावा’ ऐकताना मला खाली ठेवलेला माइक ऐकू येत असेल, तर येऊ दे की. तो माइक गाण्याचाच भाग आहे. असं म्हणून विषय संपवता आला असता.

पण ‘हितोनात्सु नो केइकेन’ आहे ना. १९७४ चं गाणं, ती पंधरा वर्षांची. काझुया सेनकेनं लिहिलेले शब्द असे की ऐकणाऱ्या बापयांनी ओठांत हसावं आणि तिनं मात्र काही कळत नसल्यासारखं सरळ समोर पाहावं. ते गाणं खूप चाललं. मला ते ऐकवत नाही. गाणारी तीच, आवाज तोच, माझा जीव तिच्यावर तेवढाच, आणि मीठ अळणी. आवडतीचंच मीठ अळणी लागतं याला आत्याबाईंकडं म्हण नव्हती.

१९७६ मध्ये ‘योकोसुका स्टोरी’ आलं आणि तिचा आवाज खाली, छातीत उतरला. शब्द योको आकीचे, चाल तिच्या नवऱ्याची, र्यूदो उझाकीची. सतरा वर्षांच्या मोमोएनं उझाकीची चाल स्वतःहून मागितली, असं सांगतात. ‘प्लेबॅक पार्ट टू’ याच जोडीचं. ‘सायोनारा नो मुकोगावा’सुद्धा याच जोडीचं. मग मला आवडते ती मोमोए, का योको आकी? माझ्या ताटात इतकी वर्षं पडलेलं मीठ भलत्याच बाईच्या हातचं असेल, आणि मी वाढणारीकडं बघून दाद देत बसले असेन.

‘आकिझाकुरा’ ही शंका झटकून टाकतं असं म्हणावं, तर ते पुरुषाचं, मासाशी सादाचं. उद्या लग्न होऊन जाणारी मुलगी, आणि कोवळ्या उन्हात ओसरीवर जुना अल्बम काढून बसलेली, हलकंसं खोकणारी, तिच्या लहानपणच्या त्याच त्याच गोष्टी पुन्हा सांगणारी आई. गाण्याखाली इंग्रजी ओळी येतात त्यावरून मला हे कळलं. आमच्या जात्यावरच्या ओव्यांत माहेर मोठ्यानं आठवतात, नावं घेऊन, नद्यांची शपथ घालून. इथं आई तीच गोष्ट पुन्हा सांगते, मुलगी ऐकून घेते, एवढंच. अठरा वर्षांची मोमोए ते रडवेलं न होता म्हणते. हे लिहिणारा कोणी का असेना, म्हणणारी हीच हवी होती, असं मी अगदी परवापर्यंत ठामपणे म्हणत होते. सादानं स्वतःही ते गायलं आहे. ते मी ऐकलं. वाईट नाही. मोमोएच्या गाण्यात मी आधीच गहिवरून बसते, याच्या गाण्यात तसं झालं नाही, म्हणून पहिल्यांदाच आईच्या खोकल्याकडं लक्ष गेलं.

योको आकीनं दुसऱ्या गळ्यांसाठी लिहिलेली गाणीही आहेत. ती एकदा नीट बसून ऐकायला हवीत. अजून लावलेली नाहीत. अळणी लागली तर आत्याबाई खऱ्या ठरतील. आणि चांगली लागली, तर जास्तच पंचाईत.